चिआंग माईची यी पेंग: आकाशातले कंदील आणि पाण्यावरचे द्रोण

केळीचे पान

नोव्हेंबर २०२४ मध्ये माझे यजमान, सासूबाई आणि मी असे तिघे थायलंडच्या उत्तरेकडील चिआंग माई या शहरी पाच दिवस राहून आलो. निमित्त होते यी पेंग आणि लोय क्रथोंग या एकाच पौर्णिमेला येणाऱ्या दोन सणांचे. या सणाविषयी येथे अधूनमधून विचारणा होत असते आणि विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा एकच चित्र असते, ते म्हणजे हजारो कागदी कंदील एकाच क्षणी आकाशात चढत आहेत आणि खाली माणसे माना वर करून उभी आहेत. जाताना माझ्याही मनात तेच होते. परतताना मनात राहिली ती नदी, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी नावांचा उलगडा करते. ‘लोय’ म्हणजे तरंगत सोडणे आणि ‘क्रथोंग’ म्हणजे केळीच्या पानांचा द्रोण. हा सण सगळ्या थायलंडचा असून तो थाई चांद्र पंचांगाच्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. ‘यी पेंग’ मात्र उत्तरेकडील लान्ना लोकांची आहे. ‘यी’ म्हणजे दोन आणि ‘पेंग’ म्हणजे पौर्णिमा. दुसऱ्या महिन्याची पौर्णिमा बाराव्या महिन्यात कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. लान्ना पंचांगाची मोजणी मध्य थायलंडच्या पंचांगापेक्षा दोन महिने पुढे चालते, एवढेच त्याचे उत्तर आहे. १२९६ मध्ये मंगराय राजाने चिआंग माई वसवले, तेव्हापासून कित्येक शतके हे लान्ना नावाचे वेगळे राज्य होते, त्यामुळे बोली, लिपी, जेवण आणि पंचांग अशा सगळ्यांत हा वेगळेपणा अजून टिकून आहे.

छायाचित्रांतला तो हजारो कंदिलांचा देखावा शहरात दिसत नाही, हे जाण्यापूर्वी माहीत असलेले बरे. एकाच वेळी कंदील सोडण्याचे मोठे कार्यक्रम शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर तिकीट लावून होतात. तिकिटे माणशी चार-पाच हजार बाटांपासून सुरू होतात, ती काही महिने आधीच संपतात, आणि त्यात बस, जेवण व कंदील धरलेले असतात. आम्ही एका मध्यस्थामार्फत तीन जागा धरल्या होत्या. निघण्याच्या दहा दिवस आधी त्याने कळवले की, आमच्या नावावर प्रत्यक्षात एकच जागा आहे. पैसे परत मिळाले, पण त्यासाठी भरपूर पत्रव्यवहार करावा लागला. त्या रात्री मी चिडले होते. आता वाटते की ती जागा मिळाली असती, तर सणाची मुख्य रात्र आम्ही बसमध्ये आणि खुर्च्यांच्या रांगांमध्ये घालवली असती.

आम्ही उतरलो होतो ते घर जुन्या शहराच्या चौकोनी खंदकापासून पाच मिनिटांच्या चालीवर होते. घरमालकीण साठीच्या पुढच्या होत्या. सगळे पाहुणे त्यांना ‘पा’ म्हणत, म्हणजे आपल्याकडची मावशी किंवा आत्या. पौर्णिमेच्या सकाळी त्यांनी अंगणात चटई अंथरली आणि केळीचा एक खुंट आडवा ठेवून सुरीने दोन बोटे जाडीच्या चकत्या कापायला घेतल्या. चकती पाण्यावर तरंगते, कारण केळीच्या सोपटात हवेचे कप्पे असतात. कापल्यावर ते जाळीसारखे स्पष्ट दिसतात. चकतीच्या कडेला केळीच्या पानाच्या पट्ट्या दुमडून, पाकळीवर पाकळी चढवत टाचत जायचे, मधोमध झेंडू आणि शेवंती लावायची, तीन उदबत्त्या आणि एक मेणबत्ती रोवायची, की क्रथोंग तयार होतो. पट्टीची घडी दिसते सोपी, पण माझी दर वेळी उलगडत होती. सासूबाई थोडा वेळ नुसत्या पाहत बसल्या आणि मग पदर खोचून पुढे सरकल्या. लहानपणी त्यांच्या घरी श्रावणात पत्रावळी आणि द्रोण लावले जात, त्यामुळे पान कोठे ओले करायचे, शीर कोठे मोडायची, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. टाचायला घेण्याआधीच त्यांनी डबीतल्या लोखंडी टाचण्या बाजूला सारल्या आणि खुणेने चोया मागितल्या. पा एकदम हसल्या, आत गेल्या आणि बांबूच्या बारीक काड्यांची जुडी घेऊन आल्या. टाचण्या पाहुण्यांसाठी ठेवलेल्या होत्या, त्या स्वतः काड्याच वापरत, कारण टाचण्या माशांच्या पोटात जातात. पुढचे दोन तास त्या दोघींना एकमेकींच्या भाषेतला एकही शब्द येत नसताना चौदा क्रथोंग झाले.

पांनी संध्याकाळी दारात मातीच्या पणत्या मांडल्या. त्यांना ‘फांग प्रथीप’ म्हणतात. हा ‘प्रथीप’ म्हणजे आपला ‘प्रदीप’. थाई उच्चारात द चा थ झाला आहे. पणतीतली वात मी जवळून पाहिली, तर ती कावळ्याच्या पायासारखी तीन बोटे पसरलेली होती. त्यामागची कथा अशी की, एका पांढऱ्या कावळीची पाच अंडी वादळात वाहून गेली, ती वेगवेगळ्या ठिकाणी वाढली आणि त्यांतून या कल्पातले पाच बुद्ध झाले. त्या आईच्या स्मरणार्थ ही वात करतात. शहरभर सगळे माना वर करून पाहत असताना उंबऱ्यावरच्या या वातीकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते.

साडेसहाच्या सुमारास आम्ही था फे दरवाज्यावरून पिंग नदीकडे निघालो. रस्त्यावर मोठ्या सजवलेल्या रथांची मिरवणूक होती, तिच्याविषयी फार लिहीत नाही, कारण गर्दीमुळे मला रथांचे वरचे टोकच दिसत होते. नवरात पूल ओलांडण्याऐवजी आम्ही अलीकडेच दक्षिणेला वळून वाट चाय मोंगखोन या नदीकाठच्या विहाराच्या धक्क्यावर गेलो. ऑक्टोबरच्या आरंभी पिंगला मोठा पूर येऊन गेला होता आणि काठच्या दुकानांच्या भिंतींवर गढूळ पाण्याची रेघ माझ्या छातीइतक्या उंचीवर अजून दिसत होती. त्याच नदीची क्षमा मागायला आणि तिचे आभार मानायला ही माणसे आली होती. नदीला ती ‘मे खोंगखा’ म्हणतात. मे म्हणजे आई आणि खोंगखा म्हणजे गंगा. वर्षभर तुझे पाणी वापरले, त्यात घाण टाकली, ते पोटात घाल, असे मागणे असते. काहीजण द्रोणात नखाचा तुकडा आणि केसही ठेवतात, म्हणजे वर्षभराचे अरिष्ट त्याबरोबर वाहून जाते, अशी समजूत आहे.

पायरीवर उकिडवे बसायचे, क्रथोंग कपाळाशी न्यायचा, मनातले बोलायचे आणि पाण्यावर ठेवून हाताने हलकी लाट द्यायची. बहुतेकांचे द्रोण काठालाच रेंगाळत होते. पंधरा-सोळा वर्षांची तीन मुले कंबरभर पाण्यात उभी राहून बांबूने ते प्रवाहात ढकलत होती, आणि ढकलता ढकलता द्रोणातली नाणी टिपून खिशात टाकत होती. कोणी रागावत नव्हते. सासूबाईंनी पिशवीतून फुलवात काढली, मेणबत्तीशेजारी ठेवली आणि ‘आज त्रिपुरी पौर्णिमा आहे, विसरलात का?’ असे आम्हांला विचारले. १५ नोव्हेंबरला आपलीही कार्तिकी पौर्णिमाच होती, हे खरोखर आमच्या लक्षात नव्हते.

पुढचा भाग माझ्या फजितीचा आहे. पुलाजवळच्या एका फेरीवाल्याकडून यजमानांनी एक कंदील घेतला. हा ‘खोम लोय’ पातळ पांढऱ्या कागदाचा, मीटरभर उंचीचा असतो. खाली बांबूचे कडे आणि मधोमध मेणात बुडवलेली गोल वात असते. वात पेटवल्यावर कडे चार हातांनी धरून थांबायचे असते. आतली हवा तापून कंदील स्वतःहून हात ओढू लागला, की मगच सोडायचा. त्याला मिनिट-दोन मिनिटे लागतात. आम्ही चित्रण करण्याच्या घाईत तो अर्ध्या मिनिटात सोडला. तो डोक्यावर गेला, कलंडला, कागदाला भोक पडले आणि पेटता गोळा पाच-सहा मीटरवरच्या एका झाडात अडकला. एका स्वयंसेवकाने लांब काठीला बांधलेल्या ओल्या फडक्याने तो विझवला. तो माणूस आम्हांला एक शब्द बोलला नाही, फक्त काठी खांद्यावर टाकून पुढच्या झाडाकडे पाहू लागला. शिवाय, शहराच्या ज्या भागात आम्ही तो सोडला, तेथे त्याला परवानगी नव्हती, हे दुसऱ्या दिवशी पांकडून कळले.

दुसऱ्या दिवशी पहाटे फिरायला निघालो, तेव्हा विजेच्या तारांवर, कौलांवर, खंदकाच्या पाण्यात कंदिलांचे सांगाडे लोंबत होते. केशरी कपड्यांतले सफाई कामगार ते पोत्यांत भरत होते. नदीतले द्रोण आदल्या रात्रीच जाळ्यांनी काढायला सुरुवात झाली होती.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगते. विमानतळ शहरापासून तीन-चार किलोमीटरवर असल्यामुळे सणाच्या रात्री संध्याकाळनंतरची पुष्कळ उड्डाणे रद्द होतात किंवा त्यांच्या वेळा बदलतात, म्हणून त्या दोन दिवसांत संध्याकाळचे विमान घेऊ नये. बँकॉकच्या क्रुंग थेप अफिवात स्थानकावरून रात्रीची शयनयान गाडी घेतली, तर साधारण १३ तासांत पोहोचता येते आणि सासूबाईंना ती विमानापेक्षा जास्त आवडली.

---

रेवातीर

फार निगुतीने लिहिले आहे. एक गोष्ट आपल्या लेखात आली नाही, ती जोडतो. थाई परंपरेत क्रथोंग सोडण्याची जी कारणे सांगतात, त्यांत एक असे आहे की ‘नम्मदा’ नदीच्या वाळवंटात उमटलेल्या बुद्धाच्या पावलांना हा दीप वाहिला जातो. नम्मदा हे पाली रूप असून ती आपली नर्मदा होय, जी नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते. थायलंडमधल्या शाळकरी मुलांना हे नाव माहीत असते आणि आपल्याकडे अक्कलकुवा-धडगावच्या पलीकडे कोणाला सांगितले तर विश्वास बसत नाही.

मी काही वर्षांपूर्वी नर्मदा परिक्रमा केली. तेथे रोज संध्याकाळी पळसाच्या किंवा वडाच्या पानाच्या द्रोणात तुपाची वात लावून दीपदान होते. द्रोण कलंडू नये म्हणून खाली थोडी ओली माती थापतात. आपल्या सासूबाईंनी फुलवात लावली, हे वाचून मला त्यात काही परके वाटले नाही.

---

गोठण_साखळी

आमच्या गोव्यात साखळीच्या विठ्ठलापूर येथे वाळवंटी नदीवर याच पौर्णिमेला होड्यांचा उत्सव होतो. गावोगावचे लोक छोट्या नौका सजवून, त्यांत दिवे लावून पाण्यात सोडतात, काठावर मोठी गर्दी असते आणि त्रिपुरासुराचा वधही होतो. थायलंडला जाणे शक्य नसेल, त्यांनी तो एकदा पाहावा. मात्र आमच्याकडेही गेली कित्येक वर्षे होड्यांना थर्माकोल वापरण्याचा मोह होतो, तेवढ्या बाबतीत आपल्या पांची बांबूची काडी आमच्यापेक्षा पुढे आहे.

ओडिशाचाही उल्लेख येथे व्हायला हवा. तेथे कार्तिक पौर्णिमेच्या पहाटे ‘बोइत बंदाण’ करतात. केळीच्या सोपटाच्या नावेत दिवा आणि विडा-सुपारी ठेवून ती पाण्यात सोडली जाते, आणि तिचा संबंध कलिंगाच्या व्यापाऱ्यांनी याच मोसमात बाली-जावाकडे हाकारलेल्या जहाजांशी जोडला जातो. एकच पौर्णिमा, तेच सोपट आणि मध्ये बंगालचा उपसागर. कोण कोणाकडून शिकले, याचा निवाडा करण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

---

धूळपाटी

वर्णन छान आहे, पण एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. आपला कंदील झाडात पेटला, आपणच तसे लिहिले आहे, आणि तरीही तो प्रसंग ‘फजिती’ या शब्दात गुंडाळला आहे. तेच झाड एखाद्या सागवानी विहाराला लागून असते तर? चिआंग माईत वाट फान ताओसारखे संपूर्ण सागवानी जुने विहार आहेत. मुंबईत असे उडते कंदील सोडण्यावर पोलिसांची बंदी असते, ती आपण निमूट पाळतो. परदेशात गेल्यावर मात्र तीच गोष्ट ‘अनुभव’ ठरते. आपला कचरा दुसऱ्याच्या कौलांवर टाकण्यासाठी विमानाचे तिकीट काढून जायचे, हे मला पटत नाही.

---

केळीचे पान

धूळपाटी, आपले म्हणणे मी मान्य करते. ‘फजिती’ हा शब्द हलका झाला. मी तो कदाचित मुद्दाम हलका ठेवला, कारण त्या स्वयंसेवकाचा चेहरा आठवला की अजून ओशाळायला होते.

थायलंडमध्येही यावर नियम आहेत. कंदील फक्त ठरलेल्या रात्री, संध्याकाळी सातनंतर आणि नेमून दिलेल्या भागांतच सोडता येतात. विनापरवाना सोडल्यास दंड आणि कैद दोन्ही होऊ शकते. आमच्यासारखे हौशे फेरीवाल्याच्या भरवशावर राहतात आणि फेरीवाला कोणाचे कंदील कोठे जातील, याची चौकशी करत नाही. माझ्यापुरते सांगायचे, तर पुन्हा गेले तरी कंदील सोडणार नाही. ज्यांना कंदिलाचीच हौस आहे, त्यांनी चिआंग माईपासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या लांफून गावी हरिपुंजयाच्या स्तूपाच्या आवारात जावे. तेथे याच मोसमात रंगीत कागदी आकाशकंदील हजारोंनी टांगलेले असतात. आपण एक कंदील घेऊन, त्यावर नाव लिहून तो टांगू शकतो. तो उडत नाही, पेटत नाही आणि आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ शोभतो.

---

चाओफ्रायाकाठचा

मी नोकरीनिमित्त बँकॉकला राहतो. कंदिलांविषयी धूळपाटी यांनी लिहिले, पण पाण्यातल्या द्रोणांचाही हिशेब असतो. बँकॉकची महापालिका दर वर्षी त्या रात्री आणि पहाटे नद्या, कालवे आणि उद्यानांतल्या तळ्यांमधून क्रथोंग गोळा करून त्यांची मोजणी जाहीर करते. २०२३ मध्ये सुमारे ६ लाख ४० हजार आणि २०२४ मध्ये सुमारे ५ लाख १४ हजार क्रथोंग निघाले. यांतले ९५ टक्क्यांहून अधिक नैसर्गिक वस्तूंचे होते. काही वर्षांपूर्वी थर्माकोलचे द्रोण फार असत, ते आता बरेच मागे पडले आहेत.

‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, असे मात्र नाही. मध्यंतरी पावाच्या क्रथोंगांची लाट आली, कारण मासे ते खातील अशी कल्पना होती. मोठ्या नदीत मासे थोडेफार खातातही, पण उद्यानाच्या बंद तळ्यात हजारो पाव एका रात्रीत विरघळले की ते कुजून पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासेच मरतात. बंद तळ्यात काहीही सोडू नये, हा साधा नियम मी पाळतो. आमच्या घरी चौघांत मिळून एकच क्रथोंग असतो. अलीकडे भिंतीवर किंवा पाण्यावर प्रकाशझोतातून आपण रंगवलेला क्रथोंग तरंगत सोडण्याचीही सोय करतात. माझ्या मुलीला ती आवडते, मला त्यात हाताला ओलावा लागत नाही म्हणून करमत नाही.

---

शिळावाचक

या सणाची एक कथा प्रत्येक माहितीपत्रकात छापलेली असते, ती म्हणजे सुखोथाई या जुन्या थाई राज्याच्या दरबारातील नोप्फामात नावाच्या सुंदरीने कमळाच्या आकाराचा पहिला क्रथोंग बनवून राजाला दिला आणि तेव्हापासून ही प्रथा पडली. तिच्या नावाने आजही गावोगाव सौंदर्यस्पर्धा होतात. ज्या ग्रंथात ही कथा आहे, तो ग्रंथ बँकॉकच्या राजवटीच्या आरंभीच्या काळात, बहुधा तिसरा राम या राजाच्या वेळी रचला गेला, असे इतिहासकार मानतात. म्हणजे तो सुखोथाईनंतर पाच-सहा शतकांनी आला. १२९२ च्या म्हणून मानल्या जाणाऱ्या, सुखोथाईच्याच रामखाम्हेंग राजाच्या शिलालेखात मेणबत्त्या लावून आगीचे खेळ खेळण्याचा आणि ते पाहायला लोक चारही वेशींतून लोटण्याचा उल्लेख आहे, पण पाण्यावर द्रोण सोडण्याचा त्यात एक शब्दही नाही.

आपल्या सासूबाईंची चोय मला या संदर्भात अधिक विश्वासार्ह पुरावा वाटते, असे गमतीने म्हणतो.

---

तिथीनिर्णय

जाण्याचा बेत करणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. लोय क्रथोंग आणि आपली त्रिपुरी पौर्णिमा बहुतेक वर्षी एकाच दिवशी येतात, पण नेहमी नाही. आपला अधिक महिना दर वेळी वेगवेगळा असतो, कधी अधिक श्रावण तर कधी अधिक आश्विन. थाई पंचांगात मात्र अधिक महिना नेहमी आठव्या महिन्यालाच जोडतात, म्हणजे तेथे दोन आषाढ होतात. अधिक महिना कोणत्या वर्षी घ्यायचा, याचाही मेळ दर वेळी बसत नाही. २०२० मध्ये आपल्याकडे अधिक आश्विन झाला आणि थायलंडमध्ये अधिक महिना पुढच्या वर्षावर गेला. परिणामी तेथे ३१ ऑक्टोबर २०२० ला लोय क्रथोंग झाले, तेव्हा आपल्याकडे नुकतीच कोजागरी झाली होती. आपली कार्तिकी पौर्णिमा आली ती ३० नोव्हेंबरला. घरातल्या दिनदर्शिकेवर विसंबून कोणी तिकीट काढले असते, तर एक महिना उशिरा पोहोचले असते.

---

रेवातीर

तिथीनिर्णय, हे माहीत नव्हते. म्हणजे त्या वर्षी त्यांच्याकडे पाण्यावर दिवे आणि आपल्याकडे गच्चीवर आटीव दूध.

---

मसालेभात

आम्ही पुढच्या सणाला जाण्याच्या विचारात आहोत. बरोबर माझी आई असेल. तिचे वय ७४ असून गुडघे दुखतात आणि ती कांदा-लसूण खात नाही. तीन प्रश्न आहेत. गर्दीत तिचे हाल होतील का, पाण्यापर्यंत पोहोचायला उतरावे किती लागते, आणि जेवणाचे काय करावे?

---

केळीचे पान

मसालेभात, सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, तेव्हा अनुभवाने सांगते. नवरात पुलावर आणि त्याच्या दोन्ही टोकांना पौर्णिमेच्या रात्री सात ते दहा या वेळात अजिबात जाऊ नये. तेथे खांद्याला खांदा लागतो, फटाके पायांत येऊन पडतात आणि बसायला जागा नसते. शक्य असल्यास मुख्य रात्रीच्या आदल्या किंवा नंतरच्या संध्याकाळी नदीवर जावे, तेव्हाही लोक द्रोण सोडतच असतात. रिक्षासारखी लाल गाडी, म्हणजे तेथली सोंगथेव, त्या रात्री खंदकाच्या आत अडकून पडते, म्हणून राहण्याची जागा नदीपासून चालत जाता येईल अशी घ्यावी. आमची वीस-पंचवीस मिनिटांवर होती, ती सासूबाईंना परतताना जड गेली.

जेवणासाठी ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. त्या खाणावळींत मांस, मासे आणि अंडी तर नसतातच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे आपल्या आईंची सोय साध्या शाकाहारी हॉटेलापेक्षा तेथे अधिक चांगली होईल. चिआंग माईचे प्रसिद्ध खाओ सोय, म्हणजे नारळाच्या दुधाच्या रश्श्यातल्या शेवया, काही ठिकाणी ‘जे’ स्वरूपात मिळतात. सासूबाईंनी ते दोनदा खाल्ले आणि दोन्ही वेळा वर लिंबू पिळून घेतले.

---

चाओफ्रायाकाठचा

एक भर घालतो. उतरताना त्रास होत असेल, तर कोणत्याही धक्क्यावर लांब बांबूच्या टोकाला परडी किंवा फळी बांधून क्रथोंग पाण्यावर ठेवून देणारी माणसे बहुधा भेटतात. त्यांना दहा-वीस बाट द्यावेत. आई वरच्या पायरीवर खुर्चीत बसूनही नमस्कार करू शकतील.

---

केळीचे पान

होय, वाट चाय मोंगखोनच्या धक्क्यावर असा एक आजोबा होता. पाण्यापर्यंत पायऱ्या किती, ते सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या की, मोजल्या नाहीत, पण शेवटच्या दोन पायऱ्या शेवाळलेल्या होत्या आणि कठड्याला धरायला फक्त उजव्या बाजूला जागा होती. तेव्हा आईंच्या डाव्या हाताला कोणीतरी हवे.